अकरा सेंटिमीटर

१२ मार्च

गुंड्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फेकून दिलं नसशील, असं धरून चालते. चार वर्षांनी लिहितेय. पत्ता आईकडून घेतला. तिने "कशाला" असं विचारलं नाही. नुसता चष्मा लावला, वही काढली आणि दुसरीतल्या मुलीला द्यावा तसा मोठ्या अक्षरांत उतरवून दिला.

आधी घरातलं. आईचा गुडघा बरा आहे. जिना ती आडवी होऊन उतरते आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाच व्यायाम शिकवते. हे सगळं ती तुला दर रविवारी फोनवर सांगतच असेल. तुझा फोन आला की मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालते. त्यांना रविवारी इतकं पाणी मिळतं की दोन झाडं मुळापासून कुजली. आईने त्या कुंड्या रिकाम्या केल्या आणि मला काही बोलली नाही.

तू कुठल्याशा रस्त्याच्या कामावर लेव्हल लावतोस, पाणी कुठे वाहून जाईल ते ठरवतोस, असं तिच्याकडूनच कळलं. जमतंय का?

परवा दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तोंडात अवजारं घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" ही त्या लोकांची जुनी खोड. अवजारं काढल्यावर सांगितलं, की वर एक उपग्रह फिरतो, तो खाली लेझरचा प्रकाश सोडतो, सेकंदाला दहा हजार वेळा. प्रकाश ध्रुवाकडच्या बर्फावर आपटतो आणि त्यातले चार-दोन कण परत वर पोचतात. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, आणि उपग्रह कुठे आहे ते माहीत असल्यामुळे खालच्या बर्फाची उंची कळते. बर्फ गेल्या वर्षीपेक्षा बोटभर खाली बसला असेल तरी सांगता येतं. डॉक्टर म्हणाले, "आणि उपग्रहच खोटं बोलला तर?" मी म्हटलं, त्यासाठी खाली माणूस असतो. तो बर्फावरून सरळ रेषेत दोनशे किलोमीटर गाडी नेतो, गाडीच्या टपावर अँटेना लावलेला असतो, आणि तीच उंची तो खालून मोजतो. दोन्ही आकडे जुळले की उपग्रह खरा. त्यावर ते म्हणाले, "मग खरं काम त्या माणसाचंच की." एव्हाना माझ्या तोंडात कापूस होता, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

एक बारीकशी शंका विचारायची होती. तुझ्या शेवटच्या मोहिमेत चौथ्या दिवशी वादळात अँटेना मोडला आणि तू राखीवातला लावलास. त्याची उंची तू कुठपर्यंत मोजली होतीस? बुडापर्यंत, की मधल्या खुणेपर्यंत? विशेष काही नाही. जुन्या फायली नीट लावतेय. सवडीने कळव.

ताई


२ एप्रिल

गुंड्या,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला कोण ताक देतं? फायली वगैरे मी काही लावत नाहीये. माझ्या शंकेचं उत्तरही मला माहीत आहे. मधल्या खुणेपर्यंत. तुझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे.

आता सगळं क्रमाने लिहिते. तुला ते पाठ आहे, पण मला एकदा स्वतःच्या हाताने लिहायचंय.

अँटेना सिग्नल घेतो तो बुडाशी नाही, त्याच्या पोटात, बुडापासून अकरा सेंटिमीटर वर. जुन्या अँटेनावर खूण नव्हती, त्यामुळे तू बुडापर्यंत मोजायचास आणि मी इथे बसून त्यात अकरा मिळवायची. राखीव अँटेनाच्या पोटावर खूण होती, म्हणून तू सरळ खुणेपर्यंत मोजलंस. अकरा त्यात आधीच आले होते. मी पुन्हा मिळवले. कागदावर अँटेना अकराने उंच झाला आणि त्याच्याखालचा बर्फ अकराने खाली गेला. पहिले तीन दिवस तुझी रेषा उपग्रहाशी जुळत होती आणि नंतरचे पाच दिवस जुळेना. फॉर्ममध्ये उंचीसाठी एकच चौकट होती. कुठपर्यंत मोजली ते लिहायला जागा नव्हती. तो फॉर्म मीच तयार केला होता, हे तू तेव्हा कोणाला बोलला नाहीस.

मी अहवालात लिहिलं, "वादळानंतरच्या नोंदी निष्काळजीपणे घेतलेल्या दिसतात." तू तेव्हा परतीच्या जहाजावर होतास. पोचलास तोवर माझी सही होऊन, समितीची बैठक होऊन, तुझं नाव मोहिमेच्या यादीतून निघालं होतं. तू माझ्या खोलीत आलास, वही टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "ताई, आधी हे वाच. मग बोलू." खोलीत आणखी दोघं बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." तू वही तिथेच सोडून गेलास. मी ती न उघडता तळघरातल्या पत्र्याच्या पेटीत टाकून दिली.

का टाकली, ते सांगते. दुसरा कोणी असता तर मी अहवाल लिहिण्याआधी त्याला एक ई-मेल केली असती: बाबा रे, नंतरचे पाच दिवस जुळत नाहीत, काय केलंस? सगळ्यांना करते. तुला केली नाही, कारण भावाला पाठीशी घातलं असं कोणी म्हणायला नको होतं. तू माझा भाऊ नसतास, तर आज बर्फावर असतास.

गेल्या आठवड्यात अँटेनांचा तक्ता भरत होते. राखीव अँटेनासमोर लिहिलं, ११० मिलिमीटर. लिहिल्यावर हात थांबला. तुझी रेषा किती चुकली होती ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, झोपेत विचारलं तरी सांगेन. तळघरात जाऊन वही काढली. चौथ्या दिवसाच्या पानावर, समासात, पेन्सिलने: "नवा अँटेना. मधल्या खुणेपर्यंत मोजलंय. ताईला सांगणे."

तुझी रेषा बाद केल्यामुळे उपग्रहाच्या आकड्यांना कोणी हात लावला नाही, आणि ते बरोबरच होते. म्हणजे माझ्या चुकीने बर्फाचं काही बिघडलं नाही. जे काही बिघडलं ते तुझं.

समितीला कळवणार आहे.

ताई


२१ एप्रिल

गुंड्या,

समितीला अजून कळवलेलं नाही. दोनदा पत्र टाइप केलं आणि दोन्ही वेळा तारखेपाशी अडले. कारण मागच्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलंय.

"गेल्या आठवड्यात" नव्हे. तक्ता भरला तो मागच्या वर्षी फेब्रुवारीत. वही काढली तीही त्याच दिवशी. चौदा महिने झाले.

मार्चमध्ये मला विभागाची प्रमुख करणार होते. म्हटलं, ते एकदा होऊ दे, मग सांगू. झालं. मग म्हटलं, नवीन आहे, जरा बस्तान बसू दे. बसलं. पुढेपुढे कारणंही लागेनाशी झाली. रोज सकाळी चहा पिताना आठवण यायची आणि कप विसळेपर्यंत जायची. कोणी विचारणार नव्हतं. बर्फाचे आकडे बरोबर होते, तू दूर होतास, झाकली मूठ तशीच राहिली असती.

मी काय केलं, तेही ऐक. फॉर्ममध्ये एक नवी चौकट घातली: "उंची कुठपर्यंत मोजली?" बैठकीत सगळ्यांनी वाखाणलं. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कोणाला सुचली कशी नाही, असं एकजण म्हणाला. टाळ्या वाजल्या आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, नाहीतर पत्रात मी फारच पश्चात्तापी दिसायची.

मग आताच का? गेल्या महिन्यात, तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी, येत्या डिसेंबरची रेषा कोणी न्यायची यावर बोलणं चाललं होतं. तो म्हातारा गाडीवाला, ज्याने तुला बर्फावर गाडी चालवायला शिकवलं, तो म्हणाला, "खरं सांगू का, यांच्या भावासारखी सरळ रेषा कोणीच नेली नाही. पण..." आणि गप्प बसला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे कागद चाळायला लागले. आणि गुंड्या, मीही मान हलवली. "हो ना, वाईट झालं," अशी. ती मान माझ्याच धडावर आहे याची मला घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली.

आज आईला सांगितलं. समितीच्या आधी तिला, कारण समितीला मी तेवढी घाबरत नाही.

ती पडदे शिवायला बसली होती. मी अँटेना, पोट, खूण असं सगळं हातवारे करून समजावलं. तिने ऐकून घेतलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "म्हणजे त्याने शिवणीची दोन बोटं धरून कापड कापलं, आणि तू शिवताना परत दोन बोटं आत घेतलीस."

म्हटलं, "हो."

"पडदा आखूड झाला आणि बोल लावलास कापणाऱ्याला."

"हो."

"कधी कळलं तुला?"

"मागच्या वर्षी. फेब्रुवारीत."

तिने हातातला पडदा घडी करून बाजूला ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. मग म्हणाली, "तो त्या दिवशी तुझ्या ऑफिसातून इथे आला होता. मी त्याला म्हटलं, ताई म्हणते म्हणजे चुकला असशील रे, माफी मागून मोकळा हो. पाण्याचा पेला तसाच ठेवून गेला. मी त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा, तू काय मोजलंस?"

हे मला माहीत नव्हतं. तू माझ्यावर चिडून गेलास असंच मी चार वर्षं समजत होते. आईसुद्धा माझ्या बाजूने बोलली होती, हे मला आज कळलं. तुला त्या दिवशी जायला दुसरं घर नव्हतं.

आईने एवढंच सांगितलं, "आधी ऑफिसात सांगून ये. मग माझ्याशी बोल." तेव्हापासून ती मला वेळेवर वाढते आणि एक शब्द बोलत नाही. दुपारपासून घरात नळाचा आवाजसुद्धा मोठा वाटतोय.

ताई


३० मे

गुंड्या,

सांगितलं.

अध्यक्षांना आधी कळेचना की मी एवढ्या जुन्या गोष्टीसाठी बैठक का बोलावली. "आता त्याचं काय, आकडे तर बरोबर आहेत," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत, माणूस चूक ठरलाय." मग तुझी वही पुढे ठेवली. ती हातोहात टेबलाभोवती फिरली. समासातलं वाक्य प्रत्येकाने वाचलं. एकाने मोठ्याने वाचलं, त्याला मी थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही.

तिथेच पाच दिवसांचं गणित पुन्हा करून दाखवलं, या वेळी अकरा न मिळवता. तुझी रेषा आणि उपग्रह यांत एक सेंटिमीटरपेक्षाही कमी फरक राहिला. वादळानंतर, बोटं आखडलेली असताना, राखीव अँटेना लावून. इतकी जुळलेली रेषा त्या दप्तरात दुसरी नाही. म्हातारा गाडीवाला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि बैठक संपेपर्यंत तिथेच राहिला.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?" सोपं होतं. "नुकतंच" म्हटलं असतं तरी कोणी खोदून विचारलं नसतं. मी म्हटलं, "पंधरा महिने झाले." त्यानंतर खोलीत माझ्याकडे पाहणारे डोळे बदलले. ते मी लिहू शकत नाही, आणि तुला ते वर्णन करून सांगायची गरजही नाही, तू ते चार वर्षांपूर्वी पाहिले आहेस.

तर दुरुस्ती छापली जातेय, तुझ्या नावानिशी आणि माझ्या नावानिशी. विभाग माझ्याकडून काढून घेतला. रागाने नव्हे, शिस्तीत, आणि योग्यच केलं. मला कोपऱ्यातली खोली मिळाली आहे, जिथे मोहिमेवरून फोनवर येणाऱ्या नोंदी उतरवून घ्यायच्या असतात. हे काम कोणाला नको असतं. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या, आता जरा खाली उतरलेय.

ऑफिसचं पत्र तुला वेगळं येईल. डिसेंबरची रेषा तू न्यावीस असं त्यात असेल. जा किंवा जाऊ नकोस, त्यात मी बोलायची नाही. मला माफ कर असंही या पत्रात लिहिणार नव्हते, पण आता लिहिते. मला माफ कर. आणि नाही केलंस तरी दुरुस्ती छापली जाईलच, ती त्यावर अवलंबून नाही.

आई बोलायला लागली आहे. पहिलं वाक्य होतं, "भाजीत मीठ कमी आहे का बघ." मीठ बरोबर होतं.

ताई


२ जुलै

गुंड्या,

तुझं पत्र पोचलं. पाकीट जाड होतं, म्हणून आशेने उघडलं, तर आत आईसाठी बसच्या वेळापत्रकाचं चोपडं आणि मला पाच ओळी. त्या इथे उतरवून काढते, म्हणजे मी नीट वाचल्यात याची तुला खात्री होईल.

"चूक माझ्याही हातून झाली असती. त्या चुकीचा राग तुझं दुसरं पत्र वाचलं तेव्हाच गेला. चौदा महिन्यांचा गेलेला नाही, आणि कधी जाईल ते मला माहीत नाही, उगाच खोटं कशाला लिहू. रस्ता नोव्हेंबरात पुरा होतोय, तो सोडून येणार नाही, त्यानंतर बर्फावर जाईन असं ऑफिसला कळवलंय. आईला पाठव, एकटीला."

हे पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला ते बरोबर वाटलं. चौदा नाही, पंधरा म्हणायला हवं होतंस, एवढीच दुरुस्ती. मी सवलत मागितलेली नाही.

आईचं सामान बांधून झालंय. दोन आठवड्यांसाठी जातेय आणि सहा महिन्यांची औषधं घेतली आहेत. तुला भेटल्यावर काय बोलायचं, याची ती आंघोळीच्या वेळी दार लावून तालीम करते. मला ऐकू येतं. तू तिला सगळं बोलू दे, मध्येच "जाऊ दे गं" म्हणू नकोस. तिला ते पूर्ण म्हणायचंय.

यापुढे तू लिहिल्याशिवाय मी लिहिणार नाही. लिहिण्यासारखं होतं ते संपलं.

ताई


२० डिसेंबर

गुंड्या,

लिहिणार नाही म्हटलं होतं आणि लिहितेय, हा स्वभाव आता बदलायचा नाही. हे पत्र पुरवठ्याच्या विमानाने तळावर येईल, म्हणजे तुझ्या हाती पडेल तोवर रेषा संपलेली असेल.

आज दुपारी चारला फोन वाजला. मोहीम निघाल्याचं माहीत होतं, पहिल्या दिवसाची नोंद आज येणार हेही माहीत होतं. तरी मी पेन्सिलीला दोनदा टोक केलं. फोन बहुधा तुझा मदतनीस करेल, असं ऑफिसात म्हणाले होते.

"पहिला दिवस. लिहून घ्या," तू म्हणालास.

"सांगा," मी म्हटलं.

त्या फोनवर आवाज पोचायला तसाही वेळ लागतो. पण आज लागला तो त्याहून जास्त होता. मागे वारा ऐकू येत होता, गाडीचं इंजिन चालू होतं. मला वाटलं, आता तू फोन दुसऱ्या कोणाच्या हातात देशील. तसं केलं असतंस तरी मी नोंद उतरवून घेतली असती.

मग तू सांगायला लागलास. निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, गाडीचे पट्टे बर्फात किती रुतले. तुझा आवाज जाडसर झालाय. "अँटेनाची उंची दोन मीटर चौदा पूर्णांक तीन सेंटिमीटर. मधल्या खुणेपर्यंत."

"मधल्या खुणेपर्यंत," मी म्हटलं.

"वाचून दाखव."

मी सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. मध्ये एकदा मी खोकल्याचं सोंग केलं. तुला ते कळलं असणार.

"बरोबर," तू म्हणालास. आणि मग, "उद्या फोनवर कोण असणार?"

"मीच. आठही दिवस मीच."

"बरं. चारला करतो, ताई."

तू फोन ठेवलास. मी तुझे आकडे फॉर्ममध्ये भरले, पुन्हा माझ्या टिपणवहीशी ताडून पाहिले आणि सही केली. गुंड्या, तुझ्या उंचीत आज मी काहीही मिळवलेलं नाही.

ताई